फिनॉलच्या चाचणीत ब्लँकच लाल, नमुना मात्र कोरा: तपासणी कुठून सुरू करायची

आधी लक्षणं बघू. ४-अमिनोअँटिपायरीन आणि पोटॅशियम फेरीसायनाइड वापरून पाण्यातलं किंवा सांडपाण्यातलं फिनॉल काढताना (या पद्धतीला लॅबमध्ये सगळे एएपी म्हणतात) पुढचं काहीतरी वारंवार दिसतं:

- ब्लँकलाच (नमुन्याऐवजी नुसतं शुद्ध पाणी घेऊन केलेल्या चाचणीला) लालसर छटा येते, किंवा त्याचं रीडिंग गेल्या आठवड्याच्या दुप्पट येतं.
- स्टँडर्डला (ज्ञात फिनॉलच्या द्रावणाला) रंग चढतो, नमुन्याला चढत नाही. नमुन्यात मुद्दाम घातलेलं फिनॉलही पुरतं परत मिळत नाही.
- एकाच नमुन्याचे सकाळचे आणि दुपारचे आकडे जुळत नाहीत.
- फेरीसायनाइड घातल्यावर द्रावण गढूळ होतं.
- क्लोरोफॉर्मच्या थराचं रीडिंग स्क्रीनवर ठरत नाही, सारखं हलत राहतं.
- वाइन, रस, सरबत यांचं फोलिन पद्धतीचं (निळ्या रंगावरून मोजायच्या दुसऱ्या चाचणीचं) एकूण फिनॉल अवाजवी जास्त येतं, नाहीतर निळ्या रंगात पांढरा साका बसतो.

अशा वेळी बहुतेक जण पहिला संशय स्पेक्ट्रोवर (रंग मोजणाऱ्या मशीनवर) घेतात आणि इंजिनिअरला फोन लावतात. मशीन सगळ्यात शेवटी तपासायचं. दोष बहुतेक वेळा पाणी, बाटली, पीएच आणि डिस्टिलेशन यांतच सापडतो, आणि तो शोधायला फारसा खर्च येत नाही.

एक आकडा डोक्यात ठेवा. पिण्याच्या पाण्यासाठी आयएस १०५००:२०१२ या भारतीय मानकाप्रमाणे फिनॉलची स्वीकार्य मर्यादा ०.००१ मि.ग्रॅ./लि. आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ०.००२. नदीनाल्यात सोडायच्या सांडपाण्याला मात्र १ मि.ग्रॅ./लि. चालतं. दोन्ही मर्यादांत हजार पटींचा फरक आहे. पिण्याच्या पाण्याच्या ५०० मि.लि. नमुन्यात मर्यादेइतकं फिनॉल म्हणजे जेमतेम अर्धा मायक्रोग्रॅम. एवढं फिनॉल हवेतून, झाकणातून, बोटांवरूनही येऊ शकतं.

फरशी, झाकणं आणि हात

सकाळी लॅबची फरशी कशाने पुसली ते विचारा. काळ्या फिनाइलमध्ये डांबरातून निघालेली फिनॉल आणि क्रेसॉलच असतात. फरशी पुसली की पहिला तास-दोन तास खोलीभर तो वास असतो आणि तेवढा वेळ उघडी बीकरं तीच वाफ शोषत राहतात. सकाळचा ब्लँक चढलेला आणि दुपारचा उतरलेला दिसला तर आधी बादलीकडे बघा. चाचणीच्या दिवशी फरशी नुसत्या पाण्याने पुसून घ्या, आणि फिनाइलची बादली त्या खोलीत येऊच देऊ नका. हात धुण्याच्या अँटिसेप्टिक द्रवातही क्लोरीन असलेली फिनॉल असतात, म्हणून त्या दिवशी साधा साबण वापरा आणि नायट्राइल हातमोजे घाला.

पुढचा संशयित म्हणजे बाटल्यांची काळी कडक झाकणं. ती बेकेलाइटची असतात, आणि बेकेलाइट म्हणजे फिनॉल-फॉर्माल्डिहाइडचं रेझिन. त्यात भर म्हणून रबरी बुचं आणि रबरी नळ्या. नमुना आणि डिस्टिलेट काचेच्या बाटलीत ठेवा. झाकण टेफ्लॉनचं असावं, नाहीतर काचेचं घासीव बूच.

ब्लँकचं पाणी

आजच्या डिस्टिल्ड पाण्याचा एक ब्लँक लावा आणि शेजारी दुसऱ्या ठिकाणच्या डिस्टिल्ड पाण्याचा. रीएजंट (चाचणीची रसायनं) दोन्हीकडे तेच. दोन्ही सारखे लाल आले तर दोष रीएजंटमध्ये आहे, एकच लाल आला तर पाण्यात. वीस मिनिटांचं काम आहे, पण निम्मा गोंधळ इथेच मिटतो.

डीआयोनायझरच्या रेझिनमधून, टाकीपासून येणाऱ्या प्लास्टिकच्या नळीतून सेंद्रिय पदार्थ उतरतात. म्हणून हे डीआयोनाइज्ड (डीआय) पाणी चालकतेत उत्तम असलं तरी फिनॉलसाठी स्वच्छ असेलच असं नाही. फिनॉलमुक्त पाणी करायचं तर डिस्टिल्ड पाण्यात थोडं सोडियम हायड्रॉक्साइड टाका, फिकट जांभळी छटा येईल इतकं पोटॅशियम परमँगनेट टाका, आणि संपूर्ण काचेच्या सेटमध्ये पुन्हा डिस्टिल करा. अल्कलीत फिनॉल क्षाराच्या रूपात मागे राहतं आणि परमँगनेट ते जाळून टाकतं. मात्र पहिला थोडा भाग फेकून द्यायला विसरू नका.

रीएजंटचं वय

एएपीचं २ टक्के द्रावण रोज ताजं करायचं: १०० मि.लि.मध्ये २ ग्रॅम. कालचं द्रावण पिवळट-तांबूस झालं की ब्लँक वर जाणारच. फेरीसायनाइडचं ८ टक्के द्रावण आठवडाभर टिकतं. ते गाळून घ्या आणि तपकिरी बाटलीत ठेवा.

फिनॉलचे स्फटिक गुलाबी झाले असतील तर ते स्टँडर्डला वापरू नका. ते ऑक्सिडाइज झालेले असतात. वजनात पूर्ण दिसतात, रंगात कमी पडतात आणि पूर्ण वक्ररेषा (स्टँडर्डच्या रीडिंगवरून काढलेला आलेख) खाली ओढतात. स्टँडर्ड खोटं कमी आलं की नमुना खोटा जास्त वाटतो, हे पुष्कळदा लक्षात येत नाही. स्टॉक १०० मि.ग्रॅ. फिनॉल १०० मि.लि.मध्ये, उकळून गार केलेल्या पाण्यात करा. त्यातले १० मि.लि. १ लिटरपर्यंत नेले की १० मायक्रोग्रॅम प्रति मि.लि.चं द्रावण मिळतं. ते त्याच दिवशी संपवा. त्याहून पातळ, १ मायक्रोग्रॅमचं द्रावण दोन तासांच्या आत वापरा.

फिनॉल त्वचेतून शरीरात जातं आणि भाजतं. सुरुवातीला बधिरपणा येतो, त्यामुळे भाजल्याचं उशिरा कळतं. अंगावर पडलं तर भिजलेला कपडा लगेच काढून भरपूर पाण्याने धुवा आणि थेट दवाखाना गाठा.

पीएच, आणि अमोनियाची जुनी बाटली

१०० मि.लि. डिस्टिलेटमध्ये २.५ मि.लि. ०.५ नॉर्मल अमोनियम हायड्रॉक्साइड घालून पीएच वर न्यायचा, मग फॉस्फेट बफरने तो ७.९ वर खाली आणायचा, ०.१ इकडेतिकडे चालतं. बफर म्हणजे १ लिटरमध्ये १०४.५ ग्रॅम डायपोटॅशियम आणि ७२.३ ग्रॅम मोनोपोटॅशियम फॉस्फेट, पीएच ६.८.

गडबड इथे होते. पहिल्या दिवशी किती मि.लि. बफर लागलं ते वहीत लिहिलं जातं आणि पुढचे सहा महिने मीटर न लावता तेवढंच ओतलं जातं. दरम्यान अमोनिया उडत राहतो. एप्रिल-मेच्या सांगलीत, वारंवार उघडली जाणारी बाटली पटकन कमजोर होते. पीएच वर पुरेसा चढत नाही, तेच बफर त्याला आणखी खाली ओढतं, आणि पीएच घसरला की एएपीचे रेणू आपापसांत ऑक्सिडाइज होऊन अँटिपायरीन रेड नावाचं लाल द्रव्य बनवतात. त्यात फिनॉलचा काही संबंध नसतो. ब्लँक लाल आणि पाणी स्वच्छ, असं कोडं पडलं तर उत्तर बहुधा हेच असतं.

म्हणून प्रत्येक बॅचला पीएच मीटर ७ आणि १०च्या बफरवर लावून घ्या आणि एका जादा ब्लँकमध्ये प्रत्यक्ष मोजा. संहत अमोनियाचे ३५ मि.लि. १ लिटरला, हे द्रावण ताज्या बाटलीतून करा. काही पद्धतींत अमोनियम क्लोराइड बफरने पीएच १० ठेवतात, तेही चालतं. पण एका पद्धतीचा पीएच आणि दुसरीची वक्ररेषा असं मिसळू नका.

क्रम, घड्याळ, क्युवेट

आधी १ मि.लि. एएपी, नीट हलवणं, मग १ मि.लि. फेरीसायनाइड, पुन्हा नीट हलवणं. दोन्ही एकदम ओतले किंवा क्रम उलटला तर रंग एकसारखा येत नाही. १५ मिनिटांनी ५०० नॅनोमीटरवर वाचा. दहा फ्लास्क असतील तर फेरीसायनाइड एकेक मिनिटाच्या अंतराने घाला आणि त्याच अंतराने वाचा, नाहीतर पहिला फ्लास्क पंधरा मिनिटांचा आणि शेवटचा पाचचा होतो. सरळ (क्लोरोफॉर्मविना) पद्धतीची वक्ररेषा १०० मि.लि.मध्ये ०.१ ते ०.५ मि.ग्रॅ. फिनॉल, म्हणजे १ ते ५ मि.ग्रॅ./लि. अशी असते. पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेपर्यंत ती पोचत नाही. त्यासाठी ५०० मि.लि. नमुना, ३-३ मि.लि. रीएजंट, तीन मिनिटं थांबणं, क्लोरोफॉर्ममध्ये काढणं आणि ४६० नॅनोमीटरवर लांब क्युवेटमध्ये (मशीनमध्ये ठेवायच्या पारदर्शक डबीत) वाचणं हाच मार्ग आहे.

क्लोरोफॉर्मचं रीडिंग हलत असेल तर त्यात पाण्याचे बारीक थेंब अडकलेत. फिल्टर पेपरवर ५ ग्रॅम निर्जल सोडियम सल्फेटचा थर देऊन त्यातून गाळा. आणि क्युवेट काचेची किंवा क्वार्ट्झचीच हवी. वापरून फेकायच्या प्लास्टिक क्युवेटमध्ये क्लोरोफॉर्म ओतला की काही क्षणांत तिच्या भिंती दुधाळ होतात आणि रीडिंग वर चढतं. मग मशीन बिघडलं म्हणून आरडाओरडा होतो. क्लोरोफॉर्मचं काम फक्त हूडमध्ये (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात) करा. तो ६१ अंशांना उकळतो. उन्हाळ्यात नरसाळं हलवताना दर वेळी दाब सोडत चला.

नमुना लॅबपर्यंत कसा आला

आत्तापर्यंतचं सगळं ठीक असेल आणि तरीही फक्त नमुन्यालाच रंग चढत नसेल, तर नमुना वाटेतच बदलला आहे का ते बघा. जिवाणू फिनॉल खातात. सांगलीच्या शेरी नाल्याचं किंवा कराडखालच्या कृष्णेचं पाणी तसंच बाटलीत भरून रात्रभर ठेवलं तर सकाळी आकडा कमीच येतो. चार तासांत चाचणी लागणार नसेल तर जागेवरच सल्फ्युरिक आम्लाने पीएच २च्या खाली न्या आणि बर्फाच्या पेटीत ठेवा. असा नमुना २८ दिवस चालतो.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो. तो फिनॉल ऑक्सिडाइज करतो, त्याची क्लोरोफिनॉलही करतो. पाण्याला औषधासारखी चव येते ती त्यांचीच. स्टार्च-आयोडाइडचा कागद निळा पडला तर जागेवरच फेरस सल्फेट थोडं जास्त घाला. नेहमीची चूक म्हणजे जिवाणू तपासणीच्या बाटल्या फिनॉलसाठी वापरणं. त्यांत आधीच थायोसल्फेट टाकलेलं असतं. ते क्लोरीन मारतं खरं, पण नंतर आम्ल पडलं की त्यातून गंधक सुटून द्रावण गढूळ होतं आणि सल्फर डायऑक्साइड निघतो.

हा सल्फर डायऑक्साइड आपल्या सांगली-सातारा भागात विशेष लक्षात ठेवायचा. बहुतेक साखर कारखाने रस स्वच्छ करायला गंधकाचा धूर वापरतात, त्यामुळे गाळप हंगामात सांडपाण्यात सल्फाइट येतं. साठलेल्या मळीच्या किंवा नाल्याच्या पाण्यात सल्फाइड असतं. बाटली उघडली की कुजक्या अंड्याचा वास येतो तो त्याचाच. दोन्ही फेरीसायनाइड खाऊन टाकतात, फिनॉलला रंग द्यायला काही शिल्लकच राहत नाही. उपाय स्वस्त आहे. फॉस्फोरिक आम्लाने पीएच ४च्या खाली न्या आणि हूडमध्ये थोडा वेळ ढवळत हवा सोडा. हायड्रोजन सल्फाइड विषारी आहे, हे काम उघड्या टेबलावर करू नका.

डिस्टिलेशन

हा सगळ्यात वेळखाऊ टप्पा आहे, म्हणून तो गाळला जातो. डिस्टिलरीचा स्पेंट वॉश (मळीपासून अल्कोहोल काढल्यावर उरणारं सांडपाणी) गडद तपकिरी असतो. ती छटा मेलॅनॉयडिन या रंगद्रव्याची, आणि तीही ५०० नॅनोमीटरला प्रकाश शोषते. असा नमुना नुसता पातळ करून वाचला तर आकडा रंगाचा येतो, फिनॉलचा नाही. डिस्टिलेशनमध्ये वाफेबरोबर जाणारं फिनॉल पुढे येतं आणि तपकिरी रंग फ्लास्कमध्ये मागे राहतो. डिस्टिलेट पाण्यासारखं स्वच्छ दिसायला हवं.

५०० मि.लि. नमुना घ्या, फॉस्फोरिक आम्लाने पीएच ४ करा. सल्फ्युरिकने जतन केलेला नमुना आधीच २च्या खाली असतो, तो सोडियम हायड्रॉक्साइडने वर आणावा लागतो. हे विसरलं जातं आणि मग आम्लाबरोबर नको ते पदार्थही वर येतात. ४५० मि.लि. जमले की आच बंद करा. उकळी थांबली की ५० मि.लि. कोमट पाणी घाला आणि पुन्हा चालू करून एकूण ५०० मि.लि. गोळा करा.

हे शेवटचे ५० मि.लि. सोडून देणं हे कमी आकड्यांचं मोठं कारण आहे. फिनॉल १८२ अंशांना उकळतं. अल्कोहोलसारखं ते पहिल्या फटक्यात वर येत नाही, पाण्याच्या वाफेबरोबर थोडं थोडं, अगदी शेवटपर्यंत येत राहतं. घेतला तितकाच डिस्टिलेट मिळाला नाही तर काही भाग खालीच राहिलेला असतो.

कंडेन्सरच्या पाण्यावर हात ठेवून बघा. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी गरमच असतं. गोळा होणारं डिस्टिलेट कोमट लागलं आणि नळीच्या तोंडाशी वाफ दिसली, तर फिनॉल खोलीत चाललंय. बर्फाच्या पाण्याची बादली आणि लहान पंप लावला की प्रश्न मिटतो. सांध्यांना ग्रीस लावू नका. घासीव काच नीट बसवा, गरज पडली तर टेफ्लॉन टेप घ्या.

मळीचा नमुना फेसाळतो. अशा वेळी मोठा फ्लास्क घ्या, आच हळूहळू वाढवा. मध्येच वीज गेली तर पूर्ण गार झाल्यावरच उकळीचे नवे तुकडे टाका. जुने तुकडे एकदा थंड झाले की काम करत नाहीत, आणि गरम द्रावणात तुकडे टाकले तर सगळं उसळून अंगावर येतं. डिस्टिलेट गढूळ आलं तर फॉस्फोरिक आम्लाने आम्लधर्मी करून पुन्हा डिस्टिल करा.

मग रिकव्हरी, म्हणजे घातलेलं फिनॉल किती टक्के परत मिळतं ते, बघा. नमुन्यात ज्ञात फिनॉल घालून पहिल्यापासून सगळं करा, आणि तितकंच फिनॉल घातलेलं शुद्ध पाणी सोबत चालवा. पाण्याची रिकव्हरी चांगली आणि नमुन्याची कमी असेल तर नमुन्यात अजून काहीतरी फेरीसायनाइड खातंय. दोन्ही कमी असतील तर तुमच्या काचेच्या सेटमध्ये गळती आहे.

आणि एक गोष्ट, जिच्यावर कोणताही उपाय चालत नाही. फिनॉलच्या कड्यावर पॅरा जागेवर, म्हणजे हायड्रॉक्सिल गटाच्या बरोबर समोर, मिथाइलसारखा गट असेल, उदाहरणार्थ पॅरा-क्रेसॉल, तर एएपीला रंग येत नाही. म्हणून हा आकडा नेहमी किमान फिनॉलचा समजायचा. रिकव्हरी उत्तम असूनही वासावरून क्रेसॉल जाणवत असेल तर पद्धत बदलावी लागते.

पेयांचं फोलिन

पलूसच्या वाइन पार्कातली वाइन असो, महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचा रस असो की काकवीचं सरबत, इथे डिस्टिलेशन नको. ही फिनॉल वाफेबरोबर येत नाहीत. फोलिन-सिओकाल्टू रीएजंट वापरायचं, गॅलिक आम्ल स्टँडर्ड आणि ७६५ नॅनोमीटर.

पहिली तपासणी डोळ्यांची. रीएजंट पिवळं हवं. हिरवट झालं तर ते आधीच क्षपण पावलंय, टाकून द्या. ही चाचणी २० मायक्रोलिटर नमुन्यावर लहान प्रमाणातही करतात, पण तेवढं पिपेट भरवशाचं नसेल तर तो आकार सोडाच. १०० मि.लि. फ्लास्कमध्ये १ मि.लि. नमुना, सुमारे ६० मि.लि. पाणी, ५ मि.लि. रीएजंट घ्या. अर्ध्या ते आठ मिनिटांत १५ मि.लि. २० टक्के सोडियम कार्बोनेट घाला आणि खुणेपर्यंत भरा. दोन तास २० अंशांना ठेवा. कार्बोनेट आधी पडलं तर रीएजंट अल्कलीत विघटित होतं आणि रंग फिका येतो. साताऱ्यात थंडीच्या सकाळी कार्बोनेटच्या बाटलीच्या तळाशी खडे बसलेले दिसले तर ते द्रावण २० टक्के राहिलेलं नसतं. कोमट करून विरघळवा, मगच वापरा.

लाल वाइन पाच ते दहा पट पातळ करा, नाहीतर ५०० मि.ग्रॅ./लि.पर्यंतच्या वक्ररेषेच्या बाहेर जाते. पांढरा साका दिसला तर सेंट्रिफ्यूज करून वरचं वाचा.

आकडा जास्त येतो तो फोलिनला फिनॉल आणि इतर क्षपणकारक ओळखू येत नाहीत म्हणून. स्ट्रॉबेरीत जीवनसत्त्व क, वाइनमध्ये सल्फर डायऑक्साइड, काकवीत ग्लुकोज-फ्रुक्टोज, तिन्ही निळा रंग देतात. तोच सल्फर डायऑक्साइड एएपीत आकडा खाली ओढतो आणि फोलिनमध्ये वर ढकलतो. हे वेगळं करायला १०० मि.ग्रॅ. पीव्हीपीपीमध्ये (पाण्यात न विरघळणाऱ्या पॉलिमरच्या भुकटीत) १ मि.लि. पाणी आणि १ मि.लि. नमुना मिसळा, १५ मिनिटं ४ अंशांना ठेवा आणि सेंट्रिफ्यूज करा. पीव्हीपीपी फिनॉल धरून ठेवतं. वरच्या द्रवाचा आकडा, पातळ केल्याचा हिशोब लावून, मूळ आकड्यातून वजा करा. गोड पेयांसाठी घाईने गरम पाण्यात ठेवू नका, तापमानाबरोबर साखरेचा वाटा वाढतो.

सांगलीच्या हळदीची पेयं येतात तेव्हा कार्बोनेट घातल्यावर लालसर रंग दिसतो. चुन्याने हळदीचं कुंकू होतं, तेच इथे घडतं. ७६५ला त्याचा फारसा त्रास नाही, पण रीएजंटविना कार्बोनेट घातलेला नमुन्याचा स्वतंत्र ब्लँक ठेवा. दूध असेल तर प्रथिनं आधी काढून घ्या, तीही रंग देतात.

कुठे थांबायचं

होल्मियम काचेचा फिल्टर (मशीनची तरंगलांबी तपासायची काच) असेल तर ५३६ नॅनोमीटरजवळचं शिखर बघा. ते सरकलेलं असेल, किंवा रिकामी क्युवेट ठेवूनही शून्य हलत असेल, तर मात्र मशीनचा दोष आहे. झाकण स्वतः उघडू नका. दिव्याच्या पुरवठ्याला धोकादायक व्होल्टेज असतं आणि आरशावर एक बोट लागलं तरी तो कायमचा खराब होतो. सर्व्हिस इंजिनिअरला बोलवा.

फेरीसायनाइडचा कचरा आम्लाच्या कॅनमध्ये ओतू नका, त्यातून हायड्रोजन सायनाइड सुटू शकतो. क्लोरोफॉर्म वेगळ्या बाटलीत जमा करून घातक कचरा नेणाऱ्या अधिकृत यंत्रणेकडे द्या. फिनॉलची बाटली फुटली तर खोली रिकामी करा आणि प्रशिक्षित माणूस येईपर्यंत झाडू लावू नका.

कोणतं फिनॉल आहे हे हवं असेल, रिकव्हरी तीन वेळा बघूनही ८० टक्क्यांच्या खाली असेल, किंवा पिण्याच्या पाण्याचा आकडा ०.००२च्या वर आला असेल, तर एएपी इथे संपते. नमुना जीसी-एमएस (एकेक संयुग वेगळं करून ओळखणारं यंत्र) असलेल्या, एनएबीएल या राष्ट्रीय मंडळाची मान्यता असलेल्या लॅबकडे पाठवा. पाण्याच्या बाबतीत तो निकाल येईपर्यंत पुरवठा करणाऱ्यांना कळवून ठेवा. पाठवताना नवा नमुना घ्या, उरलेला नको. दोन काचेच्या बाटल्या काठोकाठ भरा. चिठ्ठीवर घेतल्याची वेळ, जागा, क्लोरीन होता का, फेरस सल्फेट किती घातलं, आम्ल कोणतं आणि पीएच किती, एवढं लिहा. शेजारी तुमच्या ब्लँकच्या पाण्याची तिसरी बाटली ठेवा.